आदिमानवाचे चित्रपट : चेहरा साधतो, हात उघडे पडतात

आदिमानवावरचा चित्रपट खरा वाटतो की नाही, हे पात्रांच्या चेहऱ्यापेक्षा हातांवरून लवकर कळतं. भुवयांचा कंगोरा, पिंजारलेले केस, अंगाला फासलेला चिखल हे सगळं मेकअपच्या खोलीत होऊन जातं. पण दगड कुठे धरायचा, घाव कोणत्या कोनात घालायचा, विस्तव कसा राखायचा, हे नटाला आठवडेच्या आठवडे शिकावं लागतं, आणि तेवढा वेळ बहुतेक निर्मितींत काढलाच जात नाही. म्हणून इथे चार चित्रपट याच कसोटीवर घासून पाहिले आहेत : ज्याँ-जाक आनो यांचा ‘क्वेस्ट फॉर फायर’ (१९८१), फेलिक्स रांडाऊ यांचा जर्मन ‘आइसमन’ (२०१७), अल्बर्ट ह्यूज यांचा ‘आल्फा’ (२०१८) आणि अँड्र्यू कमिंग यांचा ‘आउट ऑफ डार्कनेस’ (२०२२). माणसाला डायनोसॉरशी झुंजवणारा १९६६ चा ‘वन मिलियन इयर्स बी.सी.’ आणि मॅमथना पिरॅमिडच्या कामाला जुंपणारा २००८ चा ‘१०,००० बी.सी.’ हे दोन्ही बाहेर ठेवले आहेत. त्यांचा खरेपणाचा दावाच नाही, त्यामुळे तपासण्यासारखंही फारसं काही नाही.

चाळीस वर्षं उलटून गेली तरी ‘क्वेस्ट फॉर फायर’ला बाजूला सारणं जमत नाही. काळ ८० हजार वर्षांपूर्वीचा. उलाम टोळीकडे विस्तव आहे, पण तो पेटवायची विद्या नाही. हल्ल्यात टोळी दलदलीत पळते, विस्तव विझतो आणि नाओह आणि त्याचे दोन साथीदार नवा विस्तव शोधायला निघतात. संवाद आपल्याला कळणाऱ्या कुठल्याच भाषेत नाहीत. बोली कादंबरीकार अँथनी बर्जेस यांनी रचली, हावभाव आणि देहबोली प्राणिशास्त्रज्ञ डेस्मंड मॉरिस यांनी बसवली. याचा परिणाम पहिल्या काही मिनिटांतच जाणवतो. माणसं एकमेकांकडे बघतात ती आधी धोका जोखायला, मग ओळख पटवायला; खाताना खांदे आत घेतलेले, पाठ कुणाकडे वळवायची नाही अशी बसायची रीत. संवादाचा आधार काढून घेतल्यावर नटाला शरीरानेच बोलावं लागतं, आणि इथे ते सर्वांनाच जमलं आहे.

सर्वात मोलाचा प्रसंग विस्तव काढण्याचा. इवाका टोळीतला माणूस दोन तळव्यांमध्ये काठी घुसळतो. यज्ञातल्या अरणीमंथनाचं तत्त्वही हेच. काठी साधारण करंगळीएवढी जाड आणि हातभर लांब हवी. खालची फळी मऊ, खडखडीत वाळलेली आणि चीक नसलेल्या लाकडाची. तिच्यावर उथळ खळगा आणि खळग्याच्या कडेला पाचरीसारखी खाच. घुसळताना दाब द्यावा लागत असल्याने तळवे खाली खाली सरकत जातात. बुडाशी पोचले की झटकन वर न्यावे लागतात, आणि तेवढ्या क्षणात टोक थंड होतं. नवशिक्याचं इथेच बिनसतं. खाचेत पडणारा भुसा फिकट तपकिरी राहिला तर दाब किंवा वेग कमी पडतो आहे. तो काळपट झाला आणि काठी थांबवल्यावरही धूर येतच राहिला, तर निखारा धरला असं समजायचं. मग तो भुसा न विस्कटता वाळक्या गवताच्या आणि सालीच्या घरट्यात घेऊन हळूहळू फुंकायचं. घाईने फुंकलं तर निखारा उडून जातो. चित्रपटाने ही क्रिया घाईत उरकलेली नाही. कॅमेरा बराच वेळ नाओहच्या चेहऱ्यावर थांबतो, कारण विस्तव चोरण्याची, राखण्याची वस्तू न राहता करण्याची वस्तू होते आहे हे त्याच्या डोळ्यांदेखत घडतंय. आणि शेवटी विस्तव पुन्हा विझल्यावर नाओह नुसतं पाहिलेलं करायला जातो, ते त्याला जमत नाही आणि इवाका टोळीतल्या इकाला जमतं, हे अगदी खरं आहे. ही विद्या पाहून येत नाही, हाताला सवय लागावी लागते.

बाकीचे चित्रपट इथेच सर्रास घसरतात. दोन चकमकीचे दगड आपटले, ठिणगी उडाली, गवत पेटलं! असं होत नाही. चकमकीवर चकमक आपटून अंधारात चमक दिसते, पण त्या ठिणगीत काही पेटवण्याएवढी धग नसते. चकमक आपटायची ती पायराइट किंवा मार्कासाइट या खनिजांवर. त्यांचे सुटलेले लोहयुक्त कण हवेत जळतात आणि तीच खरी ठिणगी. तीही थेट गवतावर चालत नाही. ती पकडायला झाडावर वाढणाऱ्या कठीण अळंबीचा आतला मऊ थर खरवडून, कुटून तयार ठेवावा लागतो.

या चित्रपटाच्या चुकाही लहान नाहीत. निअँडरथल (हिमयुगातली, आता नामशेष झालेली मानवजात) विस्तव पेटवू शकत नव्हते या जुन्या समजावर अख्खी कथा उभी आहे. फ्रान्समध्ये सापडलेल्या सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीच्या निअँडरथल हातकुऱ्हाडींवर पायराइटने घाव घातल्यासारख्या खुणा आढळल्याचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. इवाकांच्या हातात भाला फेकायची आकडीदार काठी दिली आहे. या काठीने हाताची लांबी वाढते आणि भाला कितीतरी वेगाने सुटतो, पण तिचे युरोपातले सर्वात जुने खात्रीचे अवशेष १७-१८ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. उलामांवर हल्ला करणारे माकडासारखे वागाबू हे तर कुठल्याच काळात नीट बसत नाहीत. मॅमथ म्हणून केसाळ पांघरुणं घातलेले हत्ती आहेत, आणि उंच घुमटासारखं डोकं आणि मागे उतरत गेलेली पाठ ही मॅमथची ठेवण पांघरुणाने येत नाही. तरीही नाओह मॅमथपुढे गवत धरतो त्या प्रसंगातली भीती खरी आहे, कारण समोर जिवंत, अवाढव्य जनावर उभं आहे. संगणकावर केलेल्या मॅमथपुढे नटाच्या डोळ्यांत ती येत नाही.

मेकअपबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. या चित्रपटाला मेकअपचं ऑस्कर मिळालं ते रास्तच होतं. पण या कामाची एक मर्यादा कायम असते : चेहऱ्यावर भर घालता येते, चेहऱ्यातलं काही काढता येत नाही. निअँडरथलची ओळख जेवढी भुवयांवरच्या कंगोऱ्यात, तेवढीच हनुवटीच्या अभावात आणि मागे उतरलेल्या कपाळात. नटाची हनुवटी कापता येत नाही. म्हणून नाक आणि गालांचा मधला भाग पुढे आणायचा, दाढीने हनुवटी झाकायची, कंगोरा वाढवून केसांची रेघ खाली घ्यायची, म्हणजे कपाळ मागे गेल्यासारखं दिसतं. या भरीची कड पापण्यांजवळ आणि ओठांच्या कोपऱ्यांत जाड राहिली की भाव मरतात आणि चेहरा मुखवटा होतो. त्यामुळे मूळचं मोठं नाक आणि लहान हनुवटी असलेला नट निवडणं हेच अर्धं काम असतं. शरीराचंही तसंच. निअँडरथल पुरुषाची उंची सरासरी १६५ सेंटिमीटरच्या आसपास, छाती पिंपासारखी रुंद, पोटरी आणि कोपराखालचा हात आखूड. उंच, सडपातळ नटाला कितीही भर घातली तरी पोटऱ्या लांबच राहतात, आणि चालताना ते लपत नाही.

पोक काढून, गुडघे वाकवून चालणारा आदिमानव मात्र आता कायमचा निवृत्त व्हायला हवा. ती चाल आली ती १९०८ मध्ये फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सें इथे सापडलेल्या सांगाड्यावरून. पुराजीवशास्त्रज्ञ मार्सेलँ बूल यांनी त्याचं जे वर्णन केलं त्यात निअँडरथल वाकलेला, अर्धवट ताठ असा उभा राहिला. तो सांगाडा संधिवाताने ग्रासलेल्या वयस्क माणसाचा होता. १९५७ मध्ये स्ट्राउस आणि केव्ह या संशोधकांनी तो पुन्हा तपासून निअँडरथल आपल्यासारखाच ताठ चालत असणार हे दाखवून दिलं. ‘क्वेस्ट फॉर फायर’ त्यानंतर २४ वर्षांनी आला, तरी काही पात्रांच्या चालीत तो जुना वाक शिल्लक आहे.

‘आइसमन’ची गोष्ट वेगळी, कारण इथे कल्पना करायला फारशी जागाच नाही. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ओत्झताल आल्प्समध्ये ३,२०० मीटरच्या वर बर्फात जो मृतदेह सापडला, त्या ओत्झीच्या शेवटच्या दिवसांची ही काल्पनिक कहाणी. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा, ताम्रयुगातला; म्हणजे गुहेत राहणारा शिकारी नव्हे, तर शेती आणि गुरं असलेल्या समाजातला माणूस. त्याच्याजवळ काय काय होतं याची यादी कुठल्याही वेशभूषाकाराला हेवा वाटावा अशी आहे : यू वृक्षाच्या लाकडाचा दांडा आणि जवळजवळ शुद्ध तांब्याचं पातं असलेली कुऱ्हाड, १.८२ मीटर लांबीचं अर्धवट घडवलेलं धनुष्य, भात्यात १४ बाण आणि त्यांतले फक्त २ पूर्ण, अस्वलाच्या कातड्याची टोपी, शेळी-मेंढीच्या कातड्यांच्या पट्ट्या जोडून शिवलेला अंगरखा, सालीच्या दोऱ्यांच्या जाळीत गवत भरलेले जोडे, आणि भूर्जाच्या सालीचा डबा. त्या डब्यात मेपलच्या हिरव्या पानांत कोळसा होता. निखारा पानांत गुंडाळून बरोबर न्यायचा, म्हणजे दर मुक्कामाला नव्याने विस्तव काढायला नको.

चित्रपटाने या वस्तूंकडे बघूनच वेशभूषा बेतली आहे आणि ती अंगाला बसलेली, वापरलेली दिसते. संवाद आल्प्स भागातल्या, आता लुप्त झालेल्या प्राचीन रेशियन भाषेच्या धर्तीवर रचले आहेत आणि खाली अनुवादाच्या ओळीही नाहीत. हा निर्णय धाडसाचा आणि योग्य आहे. प्रेक्षक शब्दांच्या मागे न लागता कामाकडे बघू लागतो.

पण ओत्झीच्या हत्यारांचा २०१८ मधला अभ्यास वाचून हा चित्रपट पाहिला, तर एक उणीव डोळ्यांत भरते. त्याच्या चकमकीच्या वस्तू पुन्हा पुन्हा धार लावून अगदी लहान झाल्या होत्या आणि खंजिराचं टोक तुटलेलं होतं. नवी चकमक त्याला बऱ्याच दिवसांत मिळालेली नसावी. धार लावायला लिंडेनच्या लाकडात बसवलेला शिंगाच्या टोकाचा एक दस्ता होता. पेन्सिलला टोक असावं तसं शिंग लाकडातून जरासं बाहेर आलेलं. पात्याच्या कडेवर ते टेकवून दाबलं की बारीक कपची निघते आणि धार ताजी होते. उजव्या हातावर अंगठा आणि तर्जनीच्या मधोमध खोल जखम होती, मृत्यूच्या काही दिवस आधीची, बरी होत आलेली. असा हात, असली झिजलेली हत्यारं, अर्धवट धनुष्य, वय ४५ च्या आसपास आणि सांधे झिजलेले. हा माणूस सूड उगवत डोंगर पालथे घालणाऱ्या नायकापेक्षा कितीतरी जास्त नाट्यमय आहे. कथा सूडाच्या ठरावीक वाटेने गेली, त्यामुळे हे सगळं मागे पडलं. शेवटचा बाण मात्र पुराव्याला धरून आहे. डाव्या खांद्यात रुतलेलं बाणाचं टोक २००१ मध्ये क्ष-किरण तपासणीत दिसलं होतं.

नायकाच्या रूपाचा दोष मात्र दिग्दर्शकाला देता येत नाही. ओत्झीची कातडी बरीच सावळी होती आणि टक्कल पडण्याकडे त्याचा कल होता, हे कळलं ते २०२३ च्या जनुकीय अभ्यासातून, म्हणजे चित्रपटानंतर सहा वर्षांनी. ‘आल्फा’ला तेवढी सूट नाही. स्पेनमधल्या ला ब्रान्या इथल्या सुमारे ७ हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याची कातडी सावळी आणि डोळे निळे असल्याचं २०१४ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. युरोपातले २० हजार वर्षांपूर्वीचे लोक गोरेपान दाखवायला कसलाच आधार नाही.

टोळीपासून तुटलेला मुलगा आणि लांडगा यांची गोष्ट सांगणारा ‘आल्फा’ दिसायला अप्रतिम आहे, आणि तिथेच त्याची गोची होते. सगळं स्वच्छ आणि नवं आहे. भाषा मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टीन श्रेयर यांनी रचली, ती कानाला खरी वाटते. मुलांनी भाल्याची पाती स्वतः घडवून आपली लायकी सिद्ध करायची ही कल्पनाही उत्तम, कारण त्या काळात पातं घडवता येणं म्हणजे जगता येणं. पण पातं घडताना फार थोडं दिसतं. नीट घडवायचं तर घाव दगडाच्या मध्यावर घालून चालत नाही, तो कडेवर हवा आणि तिथला कोन ९० अंशांपेक्षा कमी हवा. घावाआधी कड खरखरीत दगडाने घासून घट्ट करायची. ती तशीच नाजूक ठेवली तर चुरते आणि छिलका, म्हणजे घावाने सुटणारी पातळ कपची, अर्ध्यात तुटून पायरी पडते, मग पुढचे छिलके तिथेच अडतात. छिलका खालच्या बाजूने सुटतो, म्हणून मांडीवर जाड कातडं हवं आणि बोटांचा आधार हवा. सुरुवातीला गोटा, नंतर सांबराच्या शिंगाचा हातोडा, शेवटी शिंगाच्या टोकाने दाबून कड सारखी करायची. याच सुमाराच्या, सोल्यूत्रियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारागिरांची फ्रान्समधल्या व्होल्गू इथली काही पाती ३० सेंटिमीटरहून लांब आणि जाडीला जेमतेम एक सेंटिमीटर आहेत. असं काम चालतं तिथे बसणाऱ्याभोवती कपच्यांचा सडा पडलेला असतो आणि बोटांवर जुन्या-नव्या चिरा असतात. चित्रपटातली जमीन स्वच्छ आहे, बोटंही.

सुरुवातीची शिकार, रानरेड्यांचा कळप हाकत कड्यावरून खाली लोटण्याची, पडद्यावर थरारक आहे. अशी शिकार होत असे, पण तिचा भक्कम पुरावा उत्तर अमेरिकेतला आहे. ज्या अल्बर्टा प्रांतात चित्रीकरण झालं तिथेच हेड-स्मॅश्ड-इन हा कडा आहे, आणि तो हजारो वर्षं याच कामाला वापरला गेला. युरोपात घोड्यांच्या कळपांना कड्यावरून लोटल्याची कथा फ्रान्समधल्या सोल्यूत्रे या गावाभोवती फिरत राहिली, आणि हाडांच्या जागा तपासल्यावर अभ्यासकांनी ती बाजूला ठेवली. घोड्यांना कड्याच्या पायथ्याशी अडवून मारलं होतं. तळ्याचा बर्फ फुटून नायक पाण्यात पडतो तो प्रसंगही फार सहज सुटतो. भिजलेलं कातडं गोठून फळीसारखं कडक होतं, आणि ते तसंच अंगावर ठेवून चालत राहणारा माणूस फार वेळ टिकत नाही. कपडे मात्र चोख आहेत. नेढं असलेल्या हाडाच्या सुया सायबेरियात ४० हजार वर्षांपूर्वीच्या आहेत आणि रशियातल्या सुंगीर इथल्या दफनांत कपड्यांवर शिवलेले मॅमथच्या हस्तिदंताचे हजारो मणी सापडले आहेत. एका खांद्यावरून लोंबणारं केसाळ कातडं हिमयुगात कुणाला वाचवणार नाही. बाह्या, विजारी आणि घट्ट शिवण हवीच, आणि ‘आल्फा’त ती आहे. लांडगा एकाच माणसाच्या आयुष्यात माणसाळतो ही गोष्टीची सोय समजून सोडून द्यावी.

‘आउट ऑफ डार्कनेस’ हा भयपट आहे, आणि पुढच्या काही ओळींत त्याचं रहस्य उघडं होतं, तेव्हा पाहायचा असेल तर हा परिच्छेद गाळा. ४५ हजार वर्षांपूर्वी सहा जण होडीतून नव्या भूमीवर उतरतात आणि रात्री काहीतरी त्यांच्या मागावर आहे. ते ‘काहीतरी’ निअँडरथल निघतं. टोला ही भाषा खास या चित्रपटासाठी रचली आहे. इथली सर्वात जमलेली गोष्ट म्हणजे अंधार. शेकोटीचा उजेड चार पावलांपलीकडे जात नाही, ज्वाळेकडे बघणाऱ्याला मागचं काहीच दिसत नाही, आणि कॅमेरा हे पाळतो. निअँडरथलचा चेहरा थोडाच वेळ आणि अंधुक उजेडात दिसतो. मेकअपची मर्यादा झाकायचा हा शहाणा मार्ग आहे. खटकतात ते भाले. जर्मनीतल्या शोनिंगेन इथले किमान दोन लाख वर्षांपूर्वीचे भाले बघावेत. सरळ वाढलेलं स्प्रूस झाड निवडलेलं, टोक बुंध्याकडच्या कठीण भागातून काढलेलं, आणि तेही खोडाच्या मऊ गाभ्यातून न जाता बाजूने. बहुतेकांची लांबी दोन मीटरच्या वर. इतकी अक्कल वापरणारे लोक मोडक्या फांदीला दगड बांधून शिकारीला जात नाहीत. पातं बसवायलाही नुसती वादी गुंडाळून भागत नाही. भूर्जाची साल हवा कोंडून तापवून काढलेलं डांबर आधी लावावं लागतं, नाहीतर पहिल्याच घावाला पातं हलतं. निअँडरथलांना हे डांबर करता येत होतं.

चारही चित्रपटांत दात चुकले आहेत. एक तर पांढरेशुभ्र दात दिसतात, नाहीतर किडलेले काळे. शिकाऱ्यांच्या दातांत कीड सहसा कमी असे आणि जबडा मोठा असल्याने दात बहुधा सरळ असत, पण झिजून सपाट झालेले, वरचे-खालचे एकमेकांवर टेकणारे. कातडं दातांत धरून हाताने ओढायचं आणि दगडाने कापायचं ही सवय असल्याने पुढच्या दातांवर तिरप्या चिराही असत. दातांवर साधं सपाट आवरण बसवून हे दाखवता येतं. त्याला कंगोऱ्याच्या मेकअपच्या तुलनेत काहीच खर्च नाही. म्हातारी माणसंही जवळजवळ नाहीत. इराकमधल्या शानिदार गुहेतला एक निअँडरथल एका हाताने निकामी आणि बहुधा एका डोळ्याने आंधळा होऊनही पुढे कित्येक वर्षं जगला, म्हणजे त्याच्याभोवती सांभाळणारी माणसं होती. असा एक माणूस शेकोटीपाशी बसवला असता तर टोळी कुटुंबासारखी दिसली असती.

एकच बघायचा तर ‘क्वेस्ट फॉर फायर’ बघा. त्यात बलात्काराचे आणि नरभक्षणाचे प्रसंग आहेत, तेव्हा मुलांसोबत नको. मुलांसाठी चौघांत ‘आल्फा’च योग्य, तोही मूळ भाषेत अनुवादाच्या ओळींसह; डब केलेल्या आवृत्तीत त्याचं अर्धं बळ जातं. ‘आइसमन’ बघण्याआधी इटलीतल्या बोल्झानोच्या संग्रहालयात ठेवलेल्या ओत्झीच्या वस्तूंची छायाचित्रं नजरेखालून घाला, म्हणजे कमरेच्या पट्ट्यापासून जोड्यातल्या गवतापर्यंत कुठे काय आहे ते पडद्यावर ओळखता येईल. ‘आउट ऑफ डार्कनेस’ दिवसाउजेडी किंवा मोबाइलवर बघू नका, त्यातला अंधारच दिसणार नाही.